पोहे झाल्यावर, चहाच्या आधी

माझ्या दिराला कावीळ झाली होती आणि ती चार वर्षं टिकली. निदान माझ्या सासूबाई सगळ्या पाहुण्यारावळ्यांना तसंच सांगायच्या. इतकी लांबलेली कावीळ कुणी पाहिली नव्हती, त्यामुळे ज्याला त्याला औषध सुचायचं. ओझरच्या मावशी मुळ्याचा पाला पाठवायच्या. लांबचे एक काका उसाच्या रसाची बाटली एसटीच्या कंडक्टरबरोबर द्यायचे आणि ती आमच्यापर्यंत येईस्तोवर आंबलेली असायची. पेठच्या बाजूला कुणीतरी काविळीवर नाकात घालायचं औषध देतं असं कळलं, तेव्हा आमचे हे स्वतः जाऊन ते घेऊन आले. गेले नसते तर कावीळ खोटी ठरली असती. भाऊजी त्या दिवशी नेमके घरी होते. त्यांनी निमूट नाक पुढे केलं आणि दुपारभर शिंकत बसले.

खरा आजार वेगळा होता. भाऊजी पिंपळगाव बसवंतहून वाशीच्या बाजारात द्राक्षांचा टेम्पो न्यायचे. हंगामात खेपेवर खेप, झोपेचा पत्ता नाही. वाशीत एका ओळखीच्या ड्रायव्हरने चांदीच्या कागदावर चिमूटभर तपकिरी भुकटी ठेवली, खालून काडी लावली आणि म्हणाला, याचा धूर ओढ, शीण जातो. शीण गेला. पाठोपाठ टेम्पो गेला, मोबाइल गेला, अंगावरचं मांस गेलं आणि शेवटी भाऊजीच घरातून जायला लागले, कधी दोन दिवस, कधी दोन महिने. त्या भुकटीला गर्द म्हणतात. हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नसे. सासूबाईंनी एकदा टीव्हीवरच्या बातम्यांत तो ऐकला आणि उठून टीव्हीच बंद केला. त्या दिवसापासून आमच्याकडे बातम्या बंदच झाल्या आणि नाशकात आमच्या सिडकोत पाणी कधी येणार नाही हेसुद्धा आम्हाला शेजाऱ्यांना विचारावं लागायला लागलं.

भाऊजी व्यसनमुक्ती केंद्रात गेले, बरे झाले, पुन्हा घसरले, पुन्हा गेले. शेवटच्या खेपेला टिकले आणि मग तिथेच कामाला राहिले. नव्याने आलेल्यांना धीर द्यायचा, त्यांच्या घरच्यांशी बोलायचं, कुणाला जास्त झाली आणि श्वास मंदावला तर काय करायचं ते लोकांना शिकवायचं, असं ते काम. माणूस पुन्हा भरला, केस दाट झाले, हसायला लागला. सासूबाईंनी ताबडतोब बायोडाटा छापून घेतला. त्यात लिहिलं, ‘सामाजिक क्षेत्रात नोकरी’. खाली ‘कावीळ पूर्ण बरी’ असंही त्यांना घालायचं होतं. ती ओळ आम्ही कशीबशी काढायला लावली.

अडचण एकच होती. केंद्रात राहून भाऊजींना खरं बोलायची सवय लागली होती. आधी ते इतकं सफाईने खोटं बोलायचे की आता त्यांच्या खरेपणाने आमची तारांबळ उडायची. भाजी अळणी असली की ते शांतपणे अळणी आहे म्हणायचे. माझ्या माहेरच्या लोकांनी, आमचं घर कसं वाटलं, असं विचारलं तेव्हा ते म्हणाले, हवा कमी येते. स्थळं पाहायला सुरुवात करायच्या आधीच त्यांनी बजावलं, की मुलीच्या घरी मी सगळं सांगणार, माझ्या तोंडाने सांगणार आणि पहिल्याच भेटीत सांगणार.

सासूबाईंनी आकाशपाताळ एक केलं. त्यांचं म्हणणं, लग्न होऊ दे, एखादं पोर होऊ दे, मग निवांत सांग, कोण नाय म्हनतंय. भाऊजी ऐकेनात. तेव्हा सासूबाईंनी नाद सोडला आणि वेळेवर भांडायला लागल्या. त्या लोकांनी पोहे केलेले असतात, शेजारणीकडून चांगल्या बश्या आणलेल्या असतात. आल्या आल्या असलं सांगितलं तर ते पोहे कुणाच्या घशाखाली उतरणार? भाऊजी म्हणाले, खरं लपवून त्यांचे पोहे खाणं मला बरं वाटत नाही. शेवटी आमचे हे मध्ये पडले. हे सरकारी कचेरीत आहेत, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्याच नाराज होतील असा तोडगा त्यांना पटकन सुचतो. ठरलं असं, की सांगायचं ते पोहे झाल्यावर आणि चहाच्या आधी.

त्या वर्षी मी नाशिक जिल्ह्यातल्या कितीतरी घरचे पोहे खाल्ले. चहा मात्र कुठेच मिळाला नाही.

पहिलं स्थळ सिन्नरचं होतं. मुलीचे वडील तिथल्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात सुपरवायझर होते. घर नीटनेटकं, मुलगी बोलकी, पोह्यांवर ओलं खोबरं. सासूबाई खूश होत्या. बश्या उचलल्या गेल्या, आतून आल्याचा वास यायला लागला आणि भाऊजी पुढे सरकून बसले. ते म्हणाले, “एक गोष्ट सांगायची आहे. मला गर्दचं व्यसन होतं. आता सुटलंय.”

मुलीचे थोरले चुलते कानाने जरा कमी होते. त्यांनी हात कानामागे धरून विचारलं, “गर्दीचं?” आणि मग फार समजुतीने भाऊजींच्या गुडघ्यावर थोपटून म्हणाले, की सुटलं ते उत्तमच झालं, माणसाला गर्दी सोसत नाही हेच खरं, त्यांना स्वतःला नाशकात आल्यावर द्वारकेचा चौक ओलांडायचा म्हटलं तरी छातीत धडधडतं. सासूबाईंच्या चेहऱ्यावर आशा उगवलेली मला दिसली. गर्दीवर निभावलं असतं तर त्यांची काहीच हरकत नव्हती. पण मुलीच्या वडिलांना नीट ऐकू आलं होतं. त्यांनी भावाच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्या आवाजात खुलासा केला आणि तो समोरच्या किराणा दुकानापर्यंत पोचला. आतला आल्याचा वास हळूहळू कमी झाला.

आम्ही चपला घालत होतो तेव्हा मुलीचा मामा फाटकापाशी आला. आता हा काहीतरी बोलणार म्हणून आमचे हे मोटार चालू करून बसले. मामा भाऊजींना बाजूला घेऊन हळू आवाजात विचारत होता, की ते तुमचं सुटलं ते कुठे सुटलं. त्याचा मुलगा कारखान्यात रात्रपाळीला जायचा आणि हल्ली सकाळी परतच येत नव्हता. भाऊजी त्याच्याशी बोलत उभे राहिले. सासूबाई मागच्या सीटवर पदर नाकाला लावून बसल्या होत्या. ऊन तापलं, मोटारीत जीव घुसमटायला लागला, तरी त्या दोघांचं बोलणं संपेना.

दुसरं स्थळ नाशकातलंच होतं, इंदिरानगरला. त्या लोकांनी आम्हाला फार सभ्यपणे दारापर्यंत पोचवलं. संध्याकाळी त्यांचा फोन आला. फोन सासूबाईंच्या मोबाइलवर यायचे, कारण बायोडाटावर तोच नंबर होता. सासूबाईंनी आम्हाला हाताने गप्प केलं, पदर सावरला आणि बोलायला लागल्या. हो, हो, म्हणाल्या. मुलगा गुणाचा आहेच, म्हणाल्या. मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिल्या. फोन ठेवल्यावर यांनी विचारलं, होकार आहे का? सासूबाई म्हणाल्या, “पोरगा लय आवडला त्यांना. पुतण्यासाठी पायजे म्हनत्यात.”

पुढे पुढे हेच होत गेलं. लग्नाला नकार आणि पाठोपाठ पत्ता विचारायला फोन. कुणाचा भाचा, कुणाच्या शेजारणीचा मुलगा, एकदा तर मुलीसाठी नवरा शोधणारे वडील स्वतःसाठीच विचारत होते. मला वाटायचं, असलं दुखणं आपल्या एका घरात आहे. त्या वर्षी कळलं, की ज्या घरात आम्ही गेलो तिथे कुठल्या ना कुठल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. भाऊजी म्हणायचे, मी केंद्रात दाखल होतो तेव्हा सोबत ड्रायव्हर आणि हमाल असायचे, आता बायोडाटा असलेली पोरं येतात.

सासूबाईंचा फोन दिवसभर वाजायचा. आधी त्या केंद्राचं नाव सांगून फोन आपटायच्या. मग चार शब्द बोलायला लागल्या. मग एक दिवस त्यांनी कुणाला तरी दटावलेलं मी ऐकलं, की पोराला कोंडून ठेवून काय उपयोग नाय, आणि जेवायच्या वेळेला फोन करत जाऊ नका. काविळीची गोष्ट मात्र त्यांनी अजून सोडली नव्हती. फोनवरच्या बायकांनाही त्या सांगायच्या, की माझा मुलगा तिथे नोकरीला आहे, त्याला तशी काही सवय नव्हती, कावीळ झाली होती तेवढीच.

मग पिंपळगावचं स्थळ आलं.

द्राक्षांचा हंगाम संपत आला होता. रस्त्याच्या कडेला रिकाम्या क्रेटच्या थप्प्या होत्या आणि सगळ्यांवर पांढरी धूळ होती. मुलीच्या वडिलांची बाग होती आणि मुलगी एका पॅकहाऊसमध्ये कामाला होती. परदेशी जाणाऱ्या मालाची गोडी मोजायची, मणी तपासायचे, आणि खराब माल परत पाठवताना मोठमोठ्या बागायतदारांची बोलणी खायची, असं तिचं काम. ती समोर येऊन बसली आणि तिने खाली पाहिलंच नाही. भाऊजींनी तिला कामाबद्दल काहीतरी विचारलं. तिने उत्तर दिलं आणि उलट त्यांना विचारलं, की टेम्पोत माल दबतो तो रस्त्यामुळे का भरण्यामुळे. भाऊजी खुलले. ते दोघं क्रेट कसे लावायचे यावर इतकं बोलले, की पोहे निवले. मी यांच्याकडे पाहिलं. यांनी माझ्याकडे पाहिलं. सासूबाईंनी डोळे मिटून मनात काहीतरी म्हटलं.

मुलीचा धाकटा भाऊ कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला होता. कडक इस्त्रीचा शर्ट, पण तो त्याला मोठा होत होता. वडिलांनी सांगितलं, की तो दोन महिने सटाण्याकडे मामाकडे होता, डाळिंबाची शेती शिकायला, आणि बहिणीला पाहुणे येणार म्हणून कालच परत आणला. मुलगा थोडा वेळ बसला, हसला, सगळ्यांना नमस्कार केला आणि आत गेला.

पोहे झाले. भाऊजींनी बशी खाली ठेवली आणि नेहमीप्रमाणे सांगितलं.

मुलीच्या वडिलांचा चेहरा तांबडा झाला. ते म्हणाले, “आमच्या घरात सुपारीचं खांडसुद्धा कुणी तोंडात टाकत नाय. असल्या माणसाला तुम्ही माझ्या दारात आणलंच कसं?” पुढेही ते बरंच बोलले, घराण्याबद्दल, गावातल्या नावाबद्दल. हे मान खाली घालून ऐकत होते. पण भाऊजींचं लक्षच नव्हतं. ते आतल्या बोळाकडे पाहत होते. वडिलांचं बोलणं मध्येच तोडून त्यांनी विचारलं, “तुमचा मुलगा आत गेलाय, त्याला बराच वेळ झाला ना?”

वडिलांना वाटलं, हा विषय बदलतोय. भाऊजी उठून सरळ आत निघाले. सासूबाईंनी त्यांचा शर्ट धरला आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, की लोकाच्या घरात जायचं तर निदान विचारून तरी जावं. ते थांबले नाहीत. बाथरूमचं दार वाजवलं, हाक मारली, पुन्हा वाजवलं. आणि मग खांद्याने धक्का देऊन ते दार तोडलं. कडी उडून कुठेतरी जाऊन पडली. बाहेर आम्ही सगळे उभे राहिलो. माझ्या मनात पहिला विचार हा आला, की आता या दाराचं काय करायचं.

मुलगा आत भिंतीला टेकून बसला होता, मान छातीवर लोंबलेली. ओठ निळे पडले होते. भाऊजींनी त्याला काखेत धरून ओढत हॉलमध्ये आणलं आणि फरशीवर उताणं निजवलं. मला म्हणाले, “वहिनी, एकशेआठला फोन लावा. सांगा, गर्द जास्त झालीय, श्वास चालत नाही.” मी फोनवर पत्ता सांगत असतानाच घरात धावपळ उडाली. मुलाच्या आईने कांदा फोडून आणला आणि त्याच्या नाकाशी धरला. कुणीतरी फिट आली असेल म्हणून चप्पल आणली. ओरडा ऐकून शेजारचे आले, त्यांनीही येताना कांदे आणले. पिंपळगावात कांद्याला तोटा नाही. बघता बघता त्या बेशुद्ध पोराभोवती फोडलेल्या कांद्यांचं कडं झालं आणि वाकलेल्या सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, दुःखाचं कुठलं आणि कांद्याचं कुठलं ते कळायला मार्ग नव्हता.

भाऊजींनी कांदे हाताने बाजूला सारले, मुलाची हनुवटी वर उचलली, नाक चिमटीत धरलं आणि त्याच्या तोंडाला तोंड लावून फुंकर घातली. छाती वर आली. थोडं थांबून पुन्हा. वडिलांना ते पाहवेना. हा काय करतोय म्हणून ते पुढे झाले. मुलगी म्हणाली, “पप्पा, बाजूला व्हा.” ती आवाज न चढवता म्हणाली, आणि ते झाले. ती भाऊजींच्या समोर गुडघ्यांवर बसली आणि ते काय करतात ते पाहत राहिली. भाऊजींना दम लागला तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली आणि तिने आपल्या भावाचं नाक धरलं. गाडी येईपर्यंत ते दोघं आळीपाळीने त्याला श्वास देत होते. अर्ध्या तासापूर्वी ते क्रेटबद्दल बोलत होते.

दवाखाना सरकारी होता आणि फार लांब नव्हता. डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, याने काय घेतलं? मुलाची आई म्हणाली, काही नाही, सकाळपासून उपाशी होता, पित्त झालं असेल. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. ती पुन्हा पित्त म्हणाली. वडील भिंतीकडे तोंड करून उभे होते. भाऊजी स्ट्रेचरच्या पलीकडच्या बाजूला होते, ते तोंड उघडणार इतक्यात सासूबाई पुढे झाल्या.

त्या म्हणाल्या, “गर्द घेतली त्यानं. माझा पोरगा बी घ्यायचा. कावीळ म्हनत होते मी लोकांला. डाक्टर, तुम्ही सुई मारा.”

आमच्या लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. त्या तो जरा चुकीच्या जागी जोर देऊन म्हणाल्या, नवीन भाषेतला शब्द म्हणावा तसा. मुलाच्या आईने त्यांच्याकडे पाहिलं आणि ती मटकन बाकावर बसली. सासूबाई तिच्याशेजारी बसल्या.

त्या विषावरचा उतारा असतो आणि तो दवाखान्यात होता, हे आमचं नशीब. इंजेक्शन दिल्यावर मुलाने एकदम मोठा श्वास घेतला, डोळे उघडले आणि उठून बसत पहिली शिवी घातली ती भाऊजींना. दुसरी डॉक्टरांना. मग तो बापावर आला. त्याची नशा एका झटक्यात उतरली होती आणि त्याला शुद्धीवर आणणारा प्रत्येक माणूस त्याला वैरी वाटत होता. ज्या घरात सुपारीचं खांड चालत नव्हतं त्या घरच्या मुलाला इतक्या शिव्या येत असतील असं कुणाला वाटलं नव्हतं. त्या ऐकत ऐकत वडील रडायला लागले. ते डोळे पुसायचे आणि म्हणायचे, “दे, अजून दे.” नर्सबाईंना कुणावर रागवावं ते कळेना.

थोड्या वेळाने वडिलांना गावाची आठवण झाली. लोक जमायच्या आत मुलाला घरी न्यावं असं त्यांनी सुचवलं, आता तर चांगला बोलतोय. भाऊजींनी त्यांना समजावलं, की या इंजेक्शनचा जोर गर्दच्या आधी ओसरतो आणि माणूस पुन्हा बुडतो, म्हणून डॉक्टर सोडत नाहीत तोवर हलायचं नाही. वडिलांनी कुरकुर केली. मुलगी भावाच्या खाटेवर त्याच्या पायाशी जाऊन बसली, म्हणजे त्याला उचलायचं तर आधी तिला उठवावं लागलं असतं. तिला उठवायची कुणाची छाती नव्हती.

परत येताना यांनी विचारलं, तुला कळलं कसं? भाऊजी म्हणाले, कळलं असं नाही, भीती वाटली. दोन महिने मामाकडे अडकून पडलेला पोरगा घरी आला, की त्याला पहिली घाई कशाची असते ते त्यांना ठाऊक होतं. आणि दोन महिन्यांत शरीर सवय विसरतं, माणूस मात्र जुन्या अंदाजानेच घेतो. सगळ्यांना वाटतं, हा आता सुधारून आला. नेमकं तेव्हाच जातात, ते म्हणाले. मग सासूबाईंना म्हणाले, की तू बोललीस ते बरं झालं. सासूबाईंनी खिडकीची काच वर केली आणि खाली केली.

शनिवारी मी केंद्रात चित्रकला शिकवायला जाते. मी शाळेत चित्रकलेची बाई आहे, आणि भाऊजींनी गळ घातली म्हणून तिथेही सुरू केलं. तिथली मोठाली दाढीवाली माणसं झोपडी, नारळाचं झाड आणि दोन डोंगरांतला सूर्य काढतात आणि एकमेकांचा सूर्य चोरला म्हणून भांडतात. महिन्याभराने अशाच एका शनिवारी ती मुलगी भावाला घेऊन आली. त्याला दाखल करून झाल्यावर ती भाऊजींशी बोलायला थांबली. मी उठायला लागले, तर तिनेच मला थांबवलं.

ती म्हणाली, “तुमच्याबद्दल मनात वाईट काही नाही. उलटच आहे. पण मला एकालाच सांभाळायचं बळ आहे, आणि तो माझा भाऊ आहे.”

भाऊजी म्हणाले, बरोबर आहे. आणि खरंच त्यांना ते बरोबर वाटत होतं, ते खोटं बोलत नसत. पण त्यानंतर ते जेवेनात. रात्रीचं ताट तसंच सारायचे, गॅलरीत जाऊन बसायचे. सासूबाईंचा धीर सुटला. त्यांनी पोळ्या गुंडाळायचा चांदीचा कागद डब्यातून काढून लपवला. भाऊजी झोपले की त्यांच्या शर्टाचा वास घ्यायच्या. एकदा जेवता जेवता त्यांनी बॅटरी आणून भाऊजींच्या डोळ्यांत मारली, बुबुळं बारीक झाली आहेत का ते पाहायला. हे त्यांना फोनवरच्या बायकांना सांगता सांगता पाठ झालं होतं.

भाऊजींनी बॅटरी हाताने खाली केली. म्हणाले, “आई, मी काही घेतलेलं नाही. मला ती मुलगी आवडली होती. हे साधं दुःख आहे.”

सासूबाई बॅटरी तशीच चालू ठेवून उभ्या राहिल्या. साध्या दुःखाचं काय करायचं असतं याची त्यांना सवयच राहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी सण नाही, वार नाही, त्यांनी पुरण घातलं. भाऊजींनी दोन पोळ्या खाल्ल्या आणि विचारलं म्हणून सांगितलं, की गूळ जरा कमी पडलाय.

त्या मुलीचं पुढच्या वर्षी लग्न झालं. भाऊजी पंगतीत वाढायला होते. तिचा भाऊ केंद्रातून बाहेर पडल्यावर एकदा पुन्हा घसरला. मग सरकारी दवाखान्यात तलफ आवरणारी, जिभेखाली ठेवायची गोळी त्याला सुरू केली, ती घ्यायला रोज तिथे जावं लागायचं. वडिलांचं म्हणणं, एक व्यसन सोडवून दुसरं लावलं. या गोळीवरून त्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी गर्दवरून झाली नव्हती, कारण गर्दवर कुणी बोलतच नव्हतं. मुलगा गोळी घेत राहिला. आता तो बहीण होती त्याच पॅकहाऊसमध्ये क्रेट मोजतो आणि आईशी जेवणावरून भांडतो. भाऊजींसाठी स्थळं पाहणं आम्ही बंद केलं नाही, पण सासूबाईंना वेळ होत नाही.

गेल्या संक्रांतीला मुलाच्या आईने सासूबाईंना पिंपळगावला हळदीकुंकवाला बोलावलं आणि चार शब्द बोला म्हणून सांगितलं. मी सोबत गेले. बायका तिळगुळाची आणि वाणाची वाट पाहत बसल्या होत्या. सासूबाई उभ्या राहिल्या, आधी नुसत्याच खाकरल्या आणि मग त्यांनी सगळं सांगितलं, टेम्पोपासून. बायका हसल्या, कारण नाकातल्या औषधाचं त्यांनी फार रंगवून सांगितलं. मग म्हणाल्या, नुसतं ऐकून काय होत नाय, कुणीतरी आडवं व्हा, माणसाला कुशीवर कसं वळवायचं ते दाखवते. कुणी पुढे येईना. शेवटी बागेत कामाला जाणारी एक बाई उठली, पहाटेपासून खुडणीला जाऊन आलेली, तिला सगळ्यांनी ढकललं. ती लाजत लाजत सतरंजीवर झोपली. सासूबाईंनी तिचा एक गुडघा दुमडला, हात गालाखाली घातला, तिला अलगद कुशीवर वळवलं आणि का वळवायचं ते समजावून सांगितलं, की उलटी झाली तर श्वासात जायला नको. दोघीतिघींनी प्रश्न विचारले. त्यांची उत्तरं देऊन झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, ऊठ आता.

ती उठली नाही. सासूबाई घाबरून खाली वाकल्या आणि त्यांनी तिच्या नाकाशी बोटं धरली. मग ताठ झाल्या आणि आम्हाला हाताने गप्प राहायला सांगितलं. बाई गाढ झोपली होती. आम्ही आवाज न करता तिच्या भोवतीने फिरत एकमेकींना हळदीकुंकू लावलं, आणि तिचं वाण कुणीतरी तिच्या उशाशी ठेवून दिलं.